बातमीत न आलेली बहीण

मागच्या उन्हाळ्यात आपल्या कोरेगाव तालुक्यातल्या एका शेतरस्त्याच्या वादाची बातमी केली होती. दोन्ही भावांची बाजू घेतली, अधिकाऱ्यांचं म्हणणं टाकलं. वाटलं, झाली बातमी पूर्ण.

दोन दिवसांनी एसटी स्टँडवर एका मावशींनी गाठलं. "दादा, रस्ता जातोय तो तुकडा माझ्या बी नावावर हाय. मला कुणी इचारलंच न्हाई." त्या दोघांची बहीण. सातबाऱ्यावर नाव होतं. मी उताराच बघितला नव्हता.

त्या रात्री वि. स. खांडेकरांची 'ययाति' परत काढली. खांडेकर मूळचे सांगलीचे. कादंबरी १९५९ ची. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा, तिघंही आपापलं सांगतात. देवयानीचं वाचताना तीच बरोबर वाटते. मग दासी झालेली शर्मिष्ठा बोलायला लागते आणि आधीचं सगळं वेगळं दिसतं. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्येही (१९६७) कर्णाबरोबर कुंती, वृषाली, शोण बोलतात.

इंग्लंडमध्ये बर्नार्डिन एव्हरिस्टो यांच्या बारा पात्रांच्या कादंबरीला २०१९ चं बुकर (विभागून) मिळालं. आपल्याकडं त्याच्या साठ वर्षं आधी शर्मिष्ठा बोलली होती. आपण वाचलं, पण बातमी लिहिताना विसरलो. मी तरी विसरलो.

मावशींची बाजू नंतर दिली. ती आतल्या पानावर चार ओळींत आली. भावांची पहिल्या पानावर होती.

रस्त्याचा निकाल अजून लागायचाय. आता वाटणीची, रस्त्याची बातमी असली की आधी सातबारा मागतो आणि विचारतो, बहिणी किती?

तुमच्या गावात कुणाचं विचारायचं राहिलंय? सांगा.