हिरे नव्हतेच

यंदाच्या पावसात कपाट आवरताना बाबांचा जुना कॅनन कॅमेरा हाती लागला. आमच्या गोव्याची दमट हवा! भिंगावर बुरशीचं जाळं पसरलेलं. स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो खरा, पण पहिला स्क्रू फिरवायचा धीर होईना. बाबांची वस्तू. उघडली आणि परत जुळलीच नाही तर?

तेव्हा गोरो योशिदा आठवला. जपानात सिनेमाचे कॅमेरे दुरुस्त करणारा माणूस. त्या काळी जर्मन लायकाची किंमत होती ४२० येन, आणि बड्या बँकेत लागलेल्या पदवीधराचा महिन्याचा पगार ७० येन! योशिदाने लायका उघडला. आत हिरे नव्हते. पितळ, अॅल्युमिनियम, लोखंड, रबर. एवढ्या साध्या मालाचे एवढे पैसे घेतात, याचा त्याला म्हणे रागच आला.

१९३३ मध्ये त्याने आपला नातलग साबुरो उचिदा याच्यासह टोकियोच्या रोप्पोंगी भागात छोटी प्रयोगशाळा थाटली. पुढच्याच वर्षी जाहिरात झळकली, 'क्वानोन' कॅमेऱ्याची. क्वानोन ही जपानी बौद्धांची करुणेची देवता. म्हणजे कोण, ठाऊक आहे? आपला अवलोकितेश्वर! अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात कमळ घेऊन उभा आहे ना, तोच. भिंगाचं नाव 'कास्यपा', बुद्धाच्या महाकाश्यप या शिष्यावरून. अवलोकन करणाऱ्या देवाचं नाव कॅमेऱ्याला, याहून समर्पक ते काय?

पण उघडणं वेगळं आणि जुळवणं वेगळं. योशिदा १९३४ मध्येच बाहेर पडला. १९३६ मध्ये 'हान्सा कॅनन' विक्रीला आला, तेव्हा त्याचं भिंग होतं निप्पॉन कोगाकूचं, म्हणजे पुढच्या निकॉनचं! आज एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या या दोन कंपन्या. पण तेव्हा एकीने दुसरीला नजर दिली होती. १९३७ मध्ये रीतसर कंपनी झाली आणि १९४७ मध्ये तिने कॅनन हेच नाव घेतलं.

असो. मग मीही हट्ट सोडला आणि पणजीतल्या एका वयस्कर कारागिराकडे गेलो. त्यांनी माझ्यासमोर कॅमेरा उघडला. मी वाकून पाहिलं. हिरे नव्हतेच. एका खाचेत वाळूचे चार कण तेवढे अडकले होते. मिरामारचीच असणार. आम्हा भावंडांचे फोटो बाबा तिथेच काढत.

कारागीर फुंकर मारणार, तोच मी म्हटलं, "राहू द्या."