लाकडाची चकाकी उतरवताना

लाकडाला जितकी चकाकी जास्त तितके काम चांगले, असा सुतारांचा आणि खरे सांगायचे तर आपलाही समज असतो. ‘बघा ताई, आरसा झालाय!’ असे पॉलिशवाला म्हणाला की आपण खूष! पण प्रत्येक लाकडाने आरसा कशाला व्हायचे?

आमच्या धाराशिवच्या घराला एक जुने सागवानी दार आहे. ते सास्तूरच्या आमच्या माळवदाच्या घराचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, भूकंपाने गाव झोपेतच गाडले गेले. दगडमातीच्या भिंती कोसळल्या. ढिगाऱ्यातून निघालेले हे दार सासूबाईंनी इतकी वर्षे जपले. नव्या घराला ते बसवले आणि सुताराने हौसेने त्यावर चकचकीत व्हार्निशचे तीन हात दिले. सासूबाई समोर उभ्या राहिल्या नि म्हणाल्या, “हे आपलं दार न्हाई गं. ह्यात नुसता लाइट चमकायलाय.”

खरेच होते. गुळगुळीत थरावरून उजेड सरळ परत फिरतो आणि डोळ्यांत भरतो. खालचे लाकूड दिसत नाही. त्याच थरावर अगदी बारीक ओरखडे पाडले की उजेड विखुरतो नि चकाकी बसते. म्हणजे सगळे खरवडून काढायची गरज नाही.

आधी दाराच्या मागे, कोपऱ्यात, स्पिरिटचा बोळा लावून पाहावा. चिकट झाले तर ते लाखेचे पॉलिश. त्याला पाणी लावू नये, पांढरे डाग पडतात. चिकट झाले नाही, तर ६०० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा. लाखेवर मात्र चार शून्यांचे बारीक स्टील वूल कोरडेच वापरावे. भांड्यांची तारेची घासणी मुळीच नको! हात नेहमी लाकडाच्या रेषेनेच चालवावा, गोल गोल नाही. कडांवर थर पातळ असतो, तिथे जपून. मग पुसून, पूर्ण वाळवून, फर्निचरच्या मेणाचा पातळ हात द्यावा. मेण फार चोळू नये, चकाकी परत येते.

आम्हाला दोन रविवार लागले. आता कडीने पडलेली अर्धगोल खाच आणि कोनाड्याच्या बाजूचा दिव्याच्या काजळीचा डाग स्पष्ट दिसतो. सासूबाई नातवंडांना बोट लावून दाखवतात, कोणती खाच कोणाच्या हातची. त्यांतली काही माणसे त्या पहाटे गेली.

नवे काम करून घेणार असाल, तर ‘मॅट’ व्हार्निश आधीच सांगून ठेवावे. त्यातली चकाकी मारणारी पूड तळाशी बसते, म्हणून डबा तळापासून नीट ढवळून घ्यायला लावावा. सुतार हसेल, हसू द्या. दार आपल्याला रोज पाहायचे असते.