‘कुठलाही चालेल’

चि. मृण्मयी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र व सोबतची यादी परवा पोचली. यादी मी प्रथम उभ्याउभ्याच वाचली, मग चष्मा पुसून टेबलापाशी बसून वाचली, आणि तिसऱ्या वाचनात शेवटच्या ओळीपाशी जो अडलो तो रात्री दिवा मालवेपर्यंत मनाने तिथेच होतो. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड यांची नावे आणि किमती तू जुन्या दफ्तरातल्या नोंदीसारख्या चोख लिहिल्या आहेस. पॉवर सप्लायपुढे मात्र एवढेच, की ‘कॅबिनेटबरोबर फुकट मिळतो आहे, कुठलाही चालेल.’ असल्याच सप्लायपायी शिरीषच्या यंत्राचे काय झाले ते तू डोळ्यांनी पाहिलेस, त्या रात्री विजेरी धरून माझ्याशेजारी तूच उभी होतीस, आणि तरीही हे दोन शब्द तुझ्याच लेखणीतून उतरावेत, याचे मला फार वाईट वाटले.

तू विचारलेस ते इतकेच, की हे सारे भाग एकमेकांत बसतील ना. तेव्हा आधी त्याचे उत्तर. रायझन ५ मालिकेतला ५६०० हा प्रोसेसर एएम ४ सॉकेटचा आणि तुझा बी ४५० बोर्डही त्याच सॉकेटचा, म्हणजे इथवर सोयरीक जुळली. परंतु हे बोर्ड २०१८ साली बाजारात आले आणि हा प्रोसेसर २०२२ च्या एप्रिलात. मागाहून जन्मलेल्याची ओळख बोर्डाच्या बायॉसमध्ये भरलेली नसेल, तर पंखे फिरतील, दिवे लागतील आणि पडदा मात्र काळाच राहील. म्हणून बायॉस अद्ययावत असल्याची खातरजमा, शक्य तर दुकानाच्या टेबलावरच सारे जोडून, करून घेतल्यावाचून पैसे मोजू नकोस.

रॅममध्ये मात्र तू चुकलीस. यादीत डीडीआर ५ आहे, आणि एएम ४ च्या बोर्डाला डीडीआर ४ च लागते. तीही १६ जीबीची एक पट्टी न घेता ८ जीबीच्या दोन घे, म्हणजे ये-जा दोन्ही मार्गांनी एकदम होईल. बोर्डाला चार खण असतील तर कोणते दोन वापरायचे ते पुस्तिकेत पाहा. शिवाय ३२०० च्या बऱ्याच पट्ट्या बायॉसमध्ये एक्सएमपी लावल्याखेरीज त्या वेगाने धावत नाहीत, हेही ध्यानात ठेव. आरएक्स ६६०० हे कार्ड १९२० × १०८० च्या पडद्याला उत्तम. फक्त त्याची लांबी कॅबिनेटशी मिलिमीटरमध्ये ताडून घे, आणि तुझ्या प्रोसेसरमध्ये स्वतःची चित्रव्यवस्था नसल्यामुळे मॉनिटरची केबल कार्डालाच लाव, बोर्डाला नव्हे. पन्नास हजारांच्या मर्यादेत ही निवड समंजस आहे, आणि ती तू स्वतःच्या विद्यावेतनातून करते आहेस याचा मला अभिमान वाटतो.

आता माझ्या मनातले. रॅमच्या पट्टीकडे एकदा नीट पाहा. डीडीआर ४ असो वा ५, पिना २८८ च, लांबीही तीच; पण खालच्या कडेची खाच किंचित सरकवलेली असते, त्यामुळे भलती पट्टी भलत्या बोर्डात शिरतच नाही. ज्या कोणा अभियंत्याने ही तजवीज केली त्याने अजाण हातांची चूक आधीच ओळखून तिची वाट अडवली. बहुतेक भागांना अशी राखण आहे, म्हणून त्यांची चूक दुकानातच उघडी पडते. पॉवर सप्लायला ती नाही. निकृष्टातला निकृष्ट सप्लायही चार स्क्रूंनी निमूटपणे बसतो, त्याची २४ पिनांची जोडणी बोर्डात खटकन बसते, यंत्र सुरू होते, आणि उन्हाळ्यातल्या एखाद्या रात्री, तू आणि तुझ्या मैत्रिणी खेळात रंगून गेलेल्या असताना, कार्डाने पुरती वीज मागितली की तो कोसळतो, आणि कोसळताना एकटा जात नाही. बसणे निराळे आणि जुळणे निराळे, हे मी तुला लहानपणापासून सांगत आलो आहे.

भाऊंचा तळहात तुला आठवत असेल. लॅमिंग्टन रोडवर रेडिओचे सामान घ्यायला मी त्यांच्याबरोबर जात असे, तेव्हा ते ट्रान्सफॉर्मर आधी तळहातावर तोलत आणि मगच त्यावरचा मजकूर वाचत. शिरीषचा सप्लाय मी दुसऱ्या दिवशी उघडला तेव्हा मला तोच तळहात आठवला. पेटी हलकी, रिकाम्या डब्यासारखी. आत वीज शिरते तिथे गाळणीच्या वेटोळ्यासाठी आणि कपॅसिटरांसाठी जागा आखलेल्या होत्या, नावे छापलेली होती, पण वस्तू नव्हत्या. वेटोळ्याच्या जागी दोन उघड्या तारा डाख देऊन जोडून टाकलेल्या. बाहेर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट, आणि बाजूच्या लेबलावर १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. बारा अठरे दोनशे सोळा! तुझ्या कार्डालाच १३२ वॅट लागतात, प्रोसेसर ६५ चा म्हणवतो पण प्रसंगी त्याहून अधिक घेतो, आणि या दोघांचाही भार त्या १२ व्होल्टवरच पडतो. पंखे, बोर्ड, डिस्क धरून बेरीज अडीचशेच्या घरात जाते. दोनशे सोळाच्या जामिनावर अडीचशेचे कर्ज कोण देईल?

म्हणून नामांकित कंपनीचा ५०० वॅटच्या आसपासचा सप्लाय, लेबलावरचा १२ व्होल्टचा रकाना स्वतः वाचून, निराळा विकत घे. ‘८० प्लस’ची मोहोर पाहा, पण ती विजेचा अपव्यय किती होतो एवढेच सांगते, बांधणीची हमी देत नाही. कार्डाला ८ पिनांची जोडणी त्याच सप्लायमधून यायला हवी, आणि पुढेमागे सुट्या केबलांचा सप्लाय घेतलास तर दुसऱ्या सप्लायची केबल त्याला कदापि लावू नकोस; टोक बसते, पण आतल्या तारांचा क्रम निराळा असू शकतो, आणि तिथेही खाच नाही. पैसे कुठून काढायचे म्हणशील, तर यादीतले रंगीत दिव्यांचे तीन पंखे आणि काचेचे कॅबिनेट तहकूब कर.

हे सारे लिहून झाले, आणि आता निराळीच काळजी लागली आहे. तुझी खोली त्या जुन्या वाड्यात माडीवर. गेल्या खेपेला मी आलो तेव्हा खिडकीजवळच्या तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंगची तार होती की नुसतेच भोक होते, हे पाहायचे राहून गेले. चांगल्या सप्लायच्या गाळणीतले दोन कपॅसिटर पेटीच्या धातूशी जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती बारीकशी गळती जमिनीत जाते, नसेल तर २३० व्होल्टच्या निम्मा दाब पेटीवर उभा राहतो आणि बोट लागताच झिणझिण्या येतात. त्या झिणझिण्यांनी माणूस मरत नाही, पण उद्या आत खरोखर बिघाड झाला तर वीज जायला तुझ्याखेरीज दुसरी वाट नाही, एवढे त्या सांगत असतात. तेव्हा परवानाधारक वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घे, मालक कुरकुरले तर खर्च मी देईन, आणि तोवर दोन पिनांचा कन्व्हर्टर लावून यंत्र चालू करण्याचा मोह आवर.

शक्य तर या रविवारपर्यंत काहीच घेऊ नकोस. मी सकाळच्या गाडीने येतो, भाऊंचा टेस्टर बरोबर आणतो, आणि दुकानात दोघे मिळून जाऊ. ताईला या खरेदीबद्दल अजून सांगितले नसशील तर आज सांग. तिला माझ्याकडून कळले तर तुझ्यापेक्षा मलाच अधिक बोलणी बसतील, आणि ती रास्तच असतील. वायरमन येऊन गेला की लगेच दोन ओळी लिही. त्या येईपर्यंत जिवाला चैन नाही.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा