उड्डाणपुलाखालचं गाव

अंबाल्याच्या स्टँडवर कंडक्टरला तीनदा सांगितलं, डेराबस्सी. तिन्ही वेळा त्याने मान हलवली. तरी बस सरळ उड्डाणपुलावर चढली आणि गाव माझ्या पायाखालून निघून गेलं. पाण्याच्या टाक्या, गुरुद्वाऱ्याचं निशाण, गच्चीवर वाळत घातलेल्या रजया, एवढंच दिसलं. पूल उतरल्यावर कंडक्टरने मला खाली उतरवलं आणि वर मलाच ऐकवलं, "बोलना था ना, पुल के नीचे से!" बॅग ओढत मागे फिरलो. भाचा समोरून स्कूटरवर हसत आला. "मामा, इथं गावाचं नाव सांगून भागत नाही. पुलाखालून म्हणायचं."

आम्ही नांदेडचे. सचखंड एक्स्प्रेसमुळे अंबाला आम्हाला परका नाही. वाटेतल्या स्टेशनांवर लंगर मिळतो, आपलं ताट-वाटी तेवढं बरोबर ठेवायचं. भाचा बी. फार्म. होऊन इथल्या बल्क ड्रगच्या कारखान्यात लागला, म्हणून माझी ही वारी.

मुलगी जर्मनीत कासेलला असते. त्या शहराने 2013 साली आपली 1100 वर्षं साजरी केली, कारण 913 सालच्या एका राजाच्या दस्तऐवजात त्याचं नाव आहे. ऑक्टोबर 1943 मध्ये एका रात्रीच्या बॉम्बवर्षावात जुनं शहर जळून गेलं, पण जन्मसाल शाबूत राहिलं. भाच्याला विचारलं, तुझ्या गावाचा वाढदिवस कधी? म्हणाला, "पगाराची सात तारीख. बाजार त्याच दिवशी फुलतो."

या गावाला सन-सनावळ्या मिळतात त्याही दुसऱ्यांच्या हिशेबातल्या. 1 नोव्हेंबर 1966 ला पंजाबचे तुकडे झाले, दक्षिणेचं अंबाला हरियाणात गेलं, हे पंजाबात उरलं. 2006 च्या एप्रिलमध्ये मोहाली जिल्हा निघाला तेव्हा पटियालातून उचलून त्यात घातलं. वीसेक किलोमीटरवरचं चंदीगड ल कॉर्बुझिएने आधी कागदावर आखलं. इथं मात्र घर आधी उठतं आणि नकाशा मागून येतो, असं गल्ल्या बघून वाटलं. 2001 च्या जनगणनेत माणसं पंधरा-सोळा हजार होती, 2011 ला 26 हजारांवर गेली. रेल्वेनेसुद्धा नाव घेतलेलं नाही. दिल्ली-कालका लोहमार्ग 1891 चा. त्यावरचं इथलं स्टेशन 'घग्गर', नदीच्या नावाचं.

आपण एमआयडीसी म्हणतो त्याला पंजाबात फोकल पॉइंट म्हणतात. सकाळी साडेसातला भाच्याबरोबर तिकडे गेलो. सायकलींची रांग, डबे हँडलला, बोली बहुतेक पूर्वांचल आणि बिहारची. चहाच्या टपरीवर पाट्या गुरुमुखीत, गप्पा भोजपुरीत, रेडिओ पंजाबीत. हवेत गोडसर, घशाला टोचणारा वास. तिसऱ्या मिनिटाला तो मला येईनासा झाला, याचीच जास्त धास्ती वाटली. भाच्याच्या सेफ्टी बुटांवर पिवळा डाग होता. घासून जात नाही, म्हणाला.

या गावाचं चिन्ह ठरवायचं झालं तर मी निळं पिंप ठरवीन. कारखान्यातून रसायन संपून बाहेर पडलेलं प्लास्टिकचं पिंप. भंगारवाल्यापुढे त्याचे डोंगर. उभं ठेवलं की पाण्याचं, आडवं कापलं की म्हशीची गव्हाण, तळाशी भोकं पाडली की तुळशीची कुंडी. एका हलवायाने त्यावर फळी टाकून गल्ला मांडला होता. आत आधी काय होतं, हे गव्हाणीतल्या म्हशीला कोण सांगणार?

दुपारी घग्गरवर गेलो. शिवालिकमधून उतरणारी ही पावसाळी नदी. पुढे राजस्थानात तिच्याच काठी कालीबंगा, हडप्पाकाळचं. नोव्हेंबरात रुंद वाळू आणि मधून काळपट धार. भाचा म्हणाला, हिच्या आत्ताच्या रूपावर जाऊ नका, मामा. जुलै 2023 च्या पावसात गावातल्या एका सोसायटीत पाणी इतकं शिरलं की माणसं होडीतून काढावी लागली.

मला मात्र इथं यायचं आणखी एक कारण होतं. नांदेडला गोदावरीकाठी मठ करून राहणाऱ्या माधोदास बैराग्याला 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी आपलंसं केलं. तोच बंदा सिंग बहादूर. तो उत्तरेत याच मुलखातून सरकत गेला, इथून जवळचं बनूड घेतलं, आणि मे 1710 मध्ये छप्पडचिडीच्या मैदानात सरहिंदचा फौजदार वझीर खान पडला. तिथे आज 328 फुटांचा फतेह बुर्ज उभा आहे, 2011 चा. बुर्ज भव्य आहे, पण मला त्यापेक्षा भोवतालची सपाट जमीन बोलकी वाटली. लपायला टेकाड नाही. पळायचं तर उघड्यावरच. आमच्या बंदा घाटावरून निघालेला माणूस दोन वर्षांत इथवर पोचला होता. आम्ही आमच्या मुलांना हे नीट सांगत नाही.

परतताना पुलाखालच्या हार्डवेअरच्या दुकानात बॅगेसाठी कुलूप घेतलं. म्हाताऱ्या सरदारजींनी गाव विचारलं. नांदेड म्हटल्यावर त्यांनी गल्ला बंद केला. "हजूर साहिब!" कुलपाचे पैसे घेईनात. मी आग्रह केला तेव्हा अर्धे घेतले, दुकानदारीचा मान म्हणून. मग स्टूल पुढे सरकवून त्यांनी विचारलं, सचखंडाच्या स्नानासाठी गागरिया सिंग अजून रोज पहाटे गोदावरीचं पाणी आणतो का?

आणतो, म्हटलं.

"उन्हाळ्यात? पाणी असतं?"

कधी असतं, कधी कमी असतं, मी म्हणालो. त्यांनी घग्गरच्या दिशेला बघितलं आणि माझ्यासाठी दुसरा चहा सांगितला. तेवढ्यात वरून अंबाल्याची बस गेली.