आटलेली टोपी

आमच्या आष्ट्याकडं आटणं ही तक्रारच असते. विहीर आटली, म्हैस आटली, दिवाळीला शिवलेला सदरा पहिल्याच धुण्यात आटला. आटण्याला मान आहे तो फक्त गुऱ्हाळाच्या काहिलीत. शंभर किलो ऊस चरकात जातो, रस उकळत राहतो आणि शेवटी दहा-बारा किलो गूळ हाती लागतो. बाकीचं कुठं गेलं, असं कुणी विचारत नाही. मी मोरीत बसून टोप्या आटवते तेव्हा मात्र सगळे विचारतात.

क्रोशा मला आत्तींनी शिकवला. त्यांच्या काळात रुखवतात क्रोशाचं तोरण आणि ताटावरचा रुमाल नसेल तर पाहुण्यांच्या बायका एकमेकींकडं बघत. साखळी, खांब, अर्धा खांब, मुका खांब. यातला मुका खांब माझा लाडका. नाव ज्यानं ठेवलं त्याला एखादी सोशीक सून माहीत असणार. टोपी सगळी मुक्या खांबांवर उभी राहते. मधोमध सहा टाके, पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, चोवीस; सहाचा पाढा म्हणत गेलं की भाकरीसारखी सपाट चकती होते. पाढा थांबवला की कडा खाली वळतात आणि डोक्याला जागा होते. पाढा कुठं थांबवायचा, एवढंच टोपीचं डिझाइन. बाकी फुलं, गोंडे वगैरे वरची कोथिंबीर.

बाळंतविड्याच्या टोप्या मी पुष्कळ केल्या. मग एकदा पुतणीनं परदेशातून एक टोपी आणली. मऊ, जाड, गडद हिरवी. उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली, पण टाके दिसेनात. पुतणी म्हणाली, आधी क्रोशानं विणतात आणि मग मुद्दाम आटवतात. मी ती आत्तींच्या हातात दिली. त्यांनी अंगठ्यानं दाबून बघितली आणि परत केली. “टोपी कसली गं, ही तर जेन हाय.”

जेन म्हणजे न विणता, लोकर पिंजून, थर लावून, पाण्यानं भिजवून आणि तुडवून-लाटून केलेलं जाड बसकर. कुणी बुरणूस म्हणतं. हे काम पिंजाऱ्यांचं. घोड्याच्या खोगिराखाली ते असायचं, म्हाताऱ्यांच्या पाठीखाली असायचं. किरगिझ लोक अशाच दाबलेल्या पांढऱ्या लोकरीची उंच टोपी घालतात, तिला अक-कल्पाक म्हणतात. २०१९ साली युनेस्कोनं ती कला जगाच्या वारशात धरली. आमच्याकडं तीच करामत बुडाखाली राहिली.

मी हौसेनं बाजारातून लोकर आणली. सैल हातानं, मोठ्या सुईनं भलीमोठी टोपी विणली, जवळजवळ टोपलीच. कढत पाण्यात घातली, साबण लावला, घासली. अर्ध्या तासानं बाहेर काढली तर टोपली तशीच, उलट आणखी लोंबलेली. दुसरीचंही तेच. तिसऱ्या खेपेला गुंडीवरची चिठ्ठी वाचली: शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक. आयुष्यभर जिला लोकर म्हणत आले तिनं मेंढी पाहिलीच नव्हती. आपल्या भाषेनं शब्द तोच ठेवला आणि माल बदलला, हे माझ्या ध्यानात आलं तेही टोपी आटेना म्हणून.

खऱ्या लोकरीच्या केसाला बारीक खवले असतात, एकावर एक चढवलेल्या कौलांसारखे. ज्वारीच्या मळणीत सदऱ्याच्या बाहीत कुसळ शिरलं की हात हलेल तसं ते वरच सरकतं, मागं येत नाही. लोकरीचंही तसंच. गरम पाण्यानं आणि साबणानं केस सैल होतात, चोळलं की एकमेकांत घुसतात, आणि खवल्यांमुळं परतीची वाट बंद होते. अ‍ॅक्रिलिकला खवलेच नाहीत, मग अडकणार कशाला?

आता लोकर आणायची कुठून? हसू येईल असा प्रश्न, कारण सुगी झाली की आमच्या रानात मेंढरं बसायला येतातच. जिल्ह्याच्या पूर्वेकडून, जत-आटपाडीच्या माळावरून, कळप कृष्णाकाठी उतरतात; रात्रभर लेंड्या पडतात, रानाला खत होतं आणि धनगराला धान्य-पैसे मिळतात. त्या वर्षी आलेल्या म्हाताऱ्या मामांना मी लोकर मागितली. ते म्हणाले, “ने की पोती भरून. कातरायची मजुरी लोकरीपेक्षा जास्त झाली, बांधावर टाकून देतो आम्ही.”

त्यात त्यांचा दोष नाही. दख्खनी मेंढीची लोकर काळी, राठ, घोंगड्याच्या कामाची. वर्षातून दोनदा कातरायची, बायकांनी सूत काढायचं आणि सणगरांनी मागावर विणून चिंचोक्याची खळ द्यायची. घोंगड्यांचं गिऱ्हाईक गेलं आणि ही साखळी उसवली. मटणाला मात्र भाव. जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढी बघा: उंच, बाकदार नाकाची, झपाझप वाढणारी, आणि अंगावर लोकर नावापुरती. पोट भरणारी मेंढी माणूस पाळणारच. तरी ऑक्टोबरात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा-खोबऱ्याबरोबर लोकर उधळतात तेव्हा वाटतं, बाजारात जिला किंमत नाही तिला देवानं तरी ठेवून घेतलंय.

पोतंभर लोकर घरी आली आणि तिच्याबरोबर मेंढराचा वासही आला. तो आठवडाभर गेला नाही. मुलं माझ्याजवळ बसेनात. रिठ्याच्या पाण्यात तीनदा धुतली, गोखरू आणि काड्या वेचल्या. सूत आत्तींनी काढून दिलं, टकळीवर, टीव्हीवरच्या मालिका बघत. ते कुठं जाड, कुठं बारीक. क्रोशाच्या सुईत अडकायचं, बोटं सोलायचं. विणताना डोळ्यांनी मोजता येईनात इतके काळे टाके. म्हणून दुपारी ओसरीवर, उजेड असेपर्यंतच काम. स्वयंपाक, धुणी, भाजीवाला, मुलांची शाळा यांच्या फटीत दोन दुपारी लागतात एका टोपीला. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं पीक सडून दुष्काळ पडला तेव्हा तिथल्या बायकांनी क्रोशाची लेस विकून घरं तगवली असं वाचलंय. त्यांनाही अशाच फटी सापडल्या असतील.

आटवणं एका सकाळचं काम. बादलीत सोसवेल तेवढं कढत पाणी, साबण, आणि धुण्याचा दगड. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही. मग टाक्यांवर धुकं आल्यासारखं होतं, भोकं बुजायला लागतात, आणि एका क्षणी हाताखालचं कापड जड होतं. तो क्षण चुकला तर टोपी बाहुलीची होते. माझ्या दोन तशा झाल्यात, एक मांजराच्या पिलाचं घर आहे. डोक्याचा घेर बावीस इंच हवा असेल तर मी अठ्ठावीसला सुरुवात करते. शिवाय उंची आणि घेर एका मापानं आटत नाहीत. शेवटी गार पाण्यात बुडवून, पिळून, पालथ्या पातेल्यावर चढवून सावलीत ठेवायची. टोप्यांचे लाकडी साचे मिळतात म्हणे. माझं सात इंची दुधाचं पातेलं मात्र आता दुधाला मिळत नाही, यावरून घरात कटकट आहे.

आतून सुती अस्तर लावावं लागतं, नाहीतर कपाळ खाजतं. रंग देत नाही. काळा, करडा आणि क्वचित मेंढीच्या पाठीवरचा विटकरी, हेच रंग. आष्ट्यात या टोप्या कोण घेणार? इथल्या थंडीला कानटोपी पुरते. पुण्या-मुंबईची डोंगर चढणारी पोरं फोनवर मागवतात. चौंडेश्वरीच्या भावईच्या उत्सवाला मुखवटे चढवून नाचणाऱ्यांचं गाव आमचं, आणि ती देवी विणणाऱ्या कोष्ट्यांचीही. डोक्यावर काय चढवावं याचं इथं कुणाला वावडं नाही, तरी गावात माझं गिऱ्हाईक एकच: पहाटे दूध घालणारा.

पुढच्या सुगीला मामा परत आले. मी त्यांच्यासाठी एक टोपी ठेवली होती, त्यांच्याच मेंढरांची. त्यांनी ती डोक्याला लावलीच नाही. त्यांच्या डोक्याला पटका, आणि पावसाळ्यात वरून घोंगड्याची खोळ. त्या खोळीत पाठ, डोकं, कोकरू सगळं मावतं. त्यांनी टोपी पालथी केली, माझ्याकडून पाण्याचा तांब्या मागितला आणि थेट टोपीत ओतला. मग ती हातावर धरून खाली वाकून बघत राहिले. आत्तीही उठून आल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग तळाशी, जिथं मी पहिले सहा टाके घातले होते तिथं, एक थेंब जमला, फुगला आणि त्यांच्या अंगठ्यावर पडला.

मामांनी पाणी तुळशीत ओतलं आणि टोपी माझ्या हातात दिली.

“अजून एक डाव आटीव.”