जुन्या सायकलींनी राखलेले रस्ते

इटलीच्या टस्कनी प्रांतात, सिएना शहराजवळ, द्राक्षमळ्यांनी वेढलेले गायोले हे टुमदार गाव आहे. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला येथून ‘लेरोइका’ ही सायकलफेरी निघते. भोवतालचे पांढऱ्या खडीचे कच्चे रस्ते डांबराखाली गडप होऊ नयेत, म्हणून १९९७ साली ती सुरू झाली. सायकल मुख्यतः १९८७ पूर्वीची हवी. गिअरच्या कळा फ्रेमच्या तिरक्या दांडीवर, ब्रेकच्या तारा हँडलबाहेर दिसणाऱ्या आणि पॅडलला पट्टे, असा नियम आहे.

फेरीच्या दिवसांत गावात जुन्या सायकलींचा आणि सुट्या भागांचा बाजार भरतो. घेणाऱ्याने चकचकीत रंगाला भुलू नये. फ्रेमच्या जोडांपाशी चीर नाही ना, सीटची दांडी गंजून अडकलेली नाही ना, हे आधी पाहावे. टायर, तारा, ब्रेकची रबरे, साखळी सहज बदलता येतात. वाकलेली फ्रेम मात्र खिसा रिकामा करते.

दुरुस्त केलेली सायकल घेऊन वर्षभरात केव्हाही निघावे. मार्गावर कायमच्या पाट्या आहेत आणि पांढरी धूळ अजून चाकांना लागते. मोडीत निघालेल्या सायकलींनी मोडीत निघू पाहणारे रस्ते वाचवले, ते असे!