पडणारा पट्टा

पिठाच्या गिरणीचा आवाज गावाच्या अंगवळणी पडलेला असतो. दगडांची घरघर, मोटारीचा घुमारा आणि पट्ट्याचा सांधा पुलीवरून जाताना होणारी टपटप, असे तीन सूर त्यात मिसळलेले असतात. शेजारच्या घरांना तो आवाज एरवी जाणवतही नाही. थांबला म्हणजे मात्र चटकन लक्षात येते. सोलापूर जिल्ह्यातील एका गावात 2006 सालच्या उन्हाळ्यात तो दिवसातून सात-आठ वेळा थांबू लागला. गिरणीचा पट्टा पडत होता.

भारनियमनाचे ते दिवस होते. वीज आली की ज्वारीच्या डब्यांची रांग लागे. ज्वारीचे पीठ फार दिवस ठेवले तर कडवट होते. म्हणून त्या भागात दळण थोडे थोडे आणि वरचेवर नेले जाते. रांगेतल्या बहुतेक डब्यांवर त्या रात्रीची भाकरी अवलंबून असे. पट्टा पडला की बायका एकमेकींकडे पाहत, कुणी डबा उचलून शेजारच्या गावाची वाट धरी, आणि गिरणीवाल्याच्या कपाळावर आणखी एक आठी उमटे.

त्याने उपाय केले नव्हते असे नाही. आधी नवा पट्टा आणला. तो पडू लागल्यावर अधिक महागाचा आणला. कुणी सांगितले म्हणून पुलीवर राळेची पूड टाकली. राळेने पट्टा दोन दिवस धरला आणि मग पुन्हा पडला. दर वेळी तो पाना घेऊन मोटार थोडी मागे ओढून घेई, पट्टा ताणून बसवी आणि दळण सुरू करी. घसरणाऱ्या वस्तूला घट्ट करावे, हा विचार इतका सरळ आहे की त्यावर शंका घेण्याचे कारण त्याला दिसले नाही.

वीज जाण्याच्या भीतीने मोटार बंद न करताच काठीने पट्टा पुलीवर चढवण्याची त्याला सवय लागली होती. तो बाहेर गेला असता त्याची पत्नीही तेच करी. एका दुपारी पट्टा चढवताना तिचा पदर पट्टा आणि पुली यांच्यामध्ये गेला. लुगडे जुने, विरलेले होते. ते फाटले आणि ती भिंतीवर आदळली. हातभर चिंधी पुलीभोवती गुंडाळून फिरत राहिली. रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने धावत जाऊन खटका पाडला. लुगडे नवे असते तर काय झाले असते, याचा उच्चार त्या घरात कुणी केला नाही.

चालू यंत्राचा पट्टा हाताळण्याविषयी 1948 च्या कारखाने अधिनियमात कडक बंधने घातलेली होती. ते काम अंगाबरोबर बसणारे कपडे घातलेल्या, शिकवून तयार केलेल्या माणसानेच करावे, असे त्यात म्हटले होते. परंतु विजेवर चालणाऱ्या ठिकाणी निदान दहा कामगार असले तरच सामान्यतः तो कायदा लागू होई. नवरा, बायको आणि एक मोटार एवढ्यांचा कारखाना त्याच्या नजरेत येत नव्हता.

गिरणी दोन दिवस बंद राहिली. तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावाहून एक वयस्क मिस्त्री आले. हत्यारांची पिशवी त्यांनी दाराशीच ठेवली, सर्वांना मागे सरकवले, गिरणी रिकामी चालू करायला सांगितली आणि हात पाठीशी बांधून दूर उभे राहिले. पट्टा प्रत्येक फेऱ्याला इकडून तिकडे डुलत असेल, तर त्याचा सांधा तिरपा कापलेला असतो. तो न डुलता एकाच बाजूला हळूहळू सरकत असेल, तर दोन पुल्यांचे आस समांतर नसतात. हा पट्टा मुळीच डुलत नव्हता; तो भिंतीच्या बाजूला सरकत होता.

“मिस्त्री, पट्टेच खराब निघतात हो,” गिरणीवाला म्हणाला.

“पट्ट्याला कशाला बोल लावता? जिकडे सैल, तिकडे तो जाणारच.”

गिरणी बंद करून, खटका पाडून आणि फ्यूज काढून खिशात घालून त्यांनी दोन्ही पुल्यांच्या कडांवर सूत ताणून धरले. सूत चार ठिकाणी टेकायला हवे होते. तीनच ठिकाणी टेकले. मोटार मागे ओढण्यासाठी पायावर दोन बोल्ट होते, एक दाराकडे आणि दुसरा भिंतीला लागून. भिंतीकडच्या बोल्टपर्यंत पाना पोहोचत नव्हता. त्यामुळे गिरणीवाला दर वेळी दाराकडचाच पिळत आला होता. प्रत्येक पिळाबरोबर मोटार दाराकडून थोडी अधिक मागे जाई, भिंतीकडची बाजू तिथेच राही, आणि पट्टा भिंतीकडे सैल पडे. पट्टा पडू नये म्हणून जे केले जात होते, त्यानेच तो पडत होता.

मग मिस्त्रींनी पुली खरवडली. राळ आणि पीठ यांची काळी खपली निघाली आणि खालची पुली मडक्याच्या पोटासारखी मध्ये किंचित फुगीर दिसू लागली. उंचवट्यावरून वस्तू खाली घसरते, असा आपला रोजचा अनुभव. सपाट पट्ट्याचे मात्र उलट आहे. उतारावर पडलेल्या पट्ट्याची उंच भागाकडची कड अधिक ताणली जाते, पट्टा त्या अंगाला किंचित वाकतो, आणि पुढून येणारा भाग थोडा वरच टेकतो. असा फेऱ्याफेऱ्याला चढत तो माथ्यावर येतो व दोन्ही उतारांच्या मध्ये स्थिर राहतो. राळेच्या थराने हा फुगवटाच बुजवला होता.

मोटार सरळ करण्यापूर्वी मिस्त्रींनी छिन्नी मागितली आणि भिंतीतल्या दोन विटा काढायला लावल्या. त्या भगदाडातून भिंतीकडच्या बोल्टला पाना लागला. सूत चारही ठिकाणी टेकले. नवा पट्टा बसवायला गिरणीवाला पुढे झाला, तेव्हा त्यांनी कोपऱ्यात टाकून दिलेला पहिला जुना पट्टा उचलून आणायला सांगितले आणि तोच चढवला. संध्याकाळपर्यंत तो जागचा हलला नाही. मिस्त्री जाण्याआधी पट्ट्याभोवती लोखंडी जाळीही उभी राहिली. तिचे पैसे गिरणीवाल्याच्या पत्नीने दिले.

पावसाळ्यात त्या भगदाडातून पाणी आत येऊ लागले. गिरणीवाल्याने बाहेरून पत्र्याचे झाकण बिजागरीवर बसवले. विटा मात्र परत लावल्या नाहीत.